जेवणाच्या वेळी येणारे शूरवीर

दहिवलीतले आमचे शेजारी बाबूराव यांच्या पदरी एकवीस राक्षस आहेत. सगळे जमिनीखाली, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. वेळ जावा म्हणून जावयाने त्यांच्या कॉम्प्युटरवर हा खेळ घालून दिला. राक्षसांकडून तळघर खोदून घ्यायचं, त्यांना खायला-झोपायला द्यायचं आणि वरून चिलखतवाले शूरवीर चालून आले की हाणून परतवायचे.

बाबूरावांची नोकरी माथेरानच्या एका हॉटेलात मॅनेजर म्हणून झाली. तळघरही ते तसंच चालवतात. शिंगवाला तो मुकादम, ढेरपोट्या तो आचारी आणि तलवारी उपसून आलेले शूरवीर म्हणजे 'बिगरबुकिंगची पार्टी'. मध्येच सांगतात, "त्या हिरव्याला आज सुट्टी हाय. खोदून खोदून आंबलाय बिचारा."

सातवी पातळी मात्र पार होईना. "शाळेतबी सातवीलाच आपटलो व्हतो," ते म्हणाले. "मरायच्या आत येवडी तरी सातवी काढायची हाय."

मी हिशेबी माणूस. शेजारी बसून आकडे मांडले आणि चूक सापडली. खेळातलं घड्याळ आपल्या घड्याळाबरोबरच चालायचं आणि शूरवीर नेमके राक्षसांच्या जेवणाच्या वेळी, रात्री साडेसातला येत. भोंग्याचं बटण दाबलं की राक्षस ताटं सोडून दाराशी धावतात. बाबूरावांनी ते बटण एकदाही दाबलेलं नव्हतं.

"दाबा की!"

"जेवत्या ताटावरनं उठवू व्हय रं? हाटेलात पोरं जेवताना घोड्यावर फिरायला निघालेलं गिऱ्हाईक घंटी बडवायचं. मी सांगायचो, थांबा, घोडा काय पळून जात नाय."

"अहो, पण हे राक्षस आहेत!"

"मग? राक्षसाला भूक नसती?"

मी दुसरा उपाय काढला. जेवण साडेसातऐवजी सहाला ठेवायचं. शूरवीर येईपर्यंत ताटं धुऊन होतील, कुणाला उठवायला नको, सातवी पास. बिनतोड हिशेब होता.

"सहाला नाय जमायचं," बाबूराव म्हणाले.

कारण सांगेनात. मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी साडेसातला पुन्हा पटवायला गेलो. दार उघडं होतं. वहिनी गेल्यापासून बाबूरावांना रोज याच वेळी खानावळीचा डबा येतो, तो नुकताच आलेला. पडद्यावर राक्षस ओळीने जेवायला बसले होते आणि पडद्यासमोर बाबूराव, ताट वाढून.

"आचारी, आज भेंडी हाय बग," असं त्या ढेरपोट्याला सांगून त्यांनी पहिला घास घेतला.

तेवढ्यात तळघराचं दार फोडून शूरवीर आत घुसले. मी ओरडलो, "बाबूराव, भोंगा!"

"आमी जेवतोय ना," ते शांतपणे म्हणाले आणि एक चपाती डब्याच्या झाकणावर ठेवून माझ्यापुढे सरकवली. "बस रं."

मी घरून जेवून आलो होतो. तरी बसलो.

भेंडी संपायच्या आत तळघर पडलं. ताटावरून कुणी उठलं नाही.