चारशेपैकी चारशे

झाडाला रोग आहे की नाही, हे झाडावर नव्हे, तपासणी समितीवर अवलंबून असते. सोयाबीन संशोधन केंद्रात हे तत्त्व सर्वमान्य होते. अपवाद फक्त वाण तयार करणाऱ्या बाईंचा. (आठ वर्षे त्या नुसते काम करत राहिल्या; तत्त्वे शिकायला सवड मिळाली नाही.)

तांबेरा म्हणजे पानांना गंज चढवणारा रोग. तो न लागणारे एक किडमिडे वाण आणि भरघोस पण नाजूक असे दुसरे, यांचा बाईंनी संकर केला. पहिली पिढी सगळी ठणठणीत निघाली. आता नातवंडांची पाळी होती: रोपे चारशे. हिशेबाने शंभर आजारी पडणार, तीनशे तगणार. रोग नीट पसरावा म्हणून कडेने बाईंनी मुद्दाम गंजलेल्या झाडांची रांग लावली होती. पडतील ती उपटायची, तगतील त्यांचे बी राखायचे.

समिती सोमवारी येणार होती. शनिवारी संचालकसाहेब बांधावर आले आणि त्यांनी पाने उलटून पाहिली. ठिपके नुकतेच उमटू लागले होते.

"बाई, हे काय?"

"साहेब, शंभर पडणारच. आजीची खोड नातवात उतरते, तसंच हे. ती पडली, तरच बाकीची तीनशे खरी."

"म्हणजे पंचवीस टक्के अपयश. आणि तुम्हाला ते आधीपासून माहीत होतं."

साहेबांनी शिस्त लावली. गंजलेली रांग उपटून तिथे फुलांच्या कुंड्या मांडल्या. शेतावर बुरशीनाशक दोनदा मारले. (दुसऱ्यांदा, कारण पंपात उरले होते.) ठिपक्यांची पाने कारकुनांनी हाताने खुडली, एकूण २,१४०, नोंद 'सुशोभीकरण' या सदरात. बाईंनी एवढेच मागितले, की ठिपका दिसलेल्या रोपाला निदान दोरा बांधू द्या. साहेब म्हणाले, दोरा दिसतो.

सोमवारी चारशेपैकी चारशे निरोगी निघाली. समिती एकमताने थक्क झाली. वाणाला 'पूर्ण रोगप्रतिकारक' असे प्रमाणपत्र मिळाले आणि पुढे कापणीला सगळे बी एकाच पोत्यात गेले. बाईंनी पोत्यात हात घालून मूठभर दाणे बाहेर काढले. बराच वेळ पाहिले. सगळे सारखेच, गोल आणि गुळगुळीत.

हसू आले ना? येऊ द्या. फक्त मागच्या खेपेला पाहुणे दारात आले, तेव्हा चार लेकरांतल्या नापास झालेल्याला मागच्या खोलीत कोणी धाडले होते, ते जरा आठवा. आणि मग चहाचा कप पुढे करत, "आमची सगळीच हुशार हो," असे कोण म्हणाले होते?