सोनकांबळे भाऊंची झेरॉक्स

मुलांनो, उदगीरला आमच्या शेजारी सोनकांबळे भाऊ राहत. त्यांच्याकडे वर्तमानपत्र मागितलं, तर ते कोपऱ्यावर जाऊन पानाची झेरॉक्स काढून आणत. "अस्सल कुणाच्या हाती देत नसतेत, म्याडम." तीस वर्षं त्यांनी सरकारी रेकॉर्ड रूम सांभाळली होती. त्यांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिकासुद्धा मला झेरॉक्स मिळाली.

त्या दुष्काळात उदगीर नवा जिल्हा होणार ही बातमी रोज येई, पाण्याचा टँकर मात्र आठ दिवसांनी. गल्लीत घरं बावीस, पाणी दहा घरांपुरतं. म्हणून ज्यांना मिळालं त्यांनी यादीत तळाशी जायचं, असं ठरलं. यादी भाऊंकडे. निवृत्तीनंतर क्लास लावून ते पीएचपी ही कॉम्प्युटरची भाषा शिकले होते, त्यामुळे त्यांनी थेट प्रोग्राम लिहिला. बावीस नावांचा एक ॲरे, म्हणजे यादी, आणि वरची दहा नावं काढून खाली लावणारं एक फंक्शन.

दुसऱ्या खेपेला तीच दहा नावं वर. तिसऱ्यालाही तीच. मी एकोणिसावी, म्हणजे कोरडीच. भाऊंचं घर तिसरं, हे लोकांच्या लगेच लक्षात आलं. समोरची सखूबाई रिकामी घागर टेकवून म्हणाली, "भाऊ, मशीनला बी शेजारधर्म शिकवलाव की."

ज्या माणसाच्या हातून तीस वर्षांत एक कागद गहाळ झाला नव्हता, त्याने त्या दिवशी आपल्या वाट्याचं पाणी घेतलं नाही. संध्याकाळी कॉम्प्युटर उचलून माझ्याकडे आले. पीएचपीचं मॅन्युअल इंग्रजीत होतं, ते मी वाचावं म्हणून. फंक्शनच्या आत यादी छापली की नावं बरोबर खाली गेलेली दिसत. बाहेर येऊन छापली की पुन्हा जुनीच. "असं कसं होऊन राहिलं?" त्यांनी विचारलं.

मी वाचून सांगितलं, की ही भाषा फंक्शनच्या हाती मूळ ॲरे देतच नाही, नक्कल देते. आतले बदल नकलेवर होतात, मूळ यादी तशीच राहते.

भाऊ म्हणाले, "शहाणी भाषा हाय."

मूळ यादी आत पाठवायला ॲरेच्या नावाआधी & हे चिन्ह लागत होतं. भाऊंनी ते जड बोटाने टाकलं. नावं हलली.

खाली आणखी एक फंक्शन होतं. मयत माणसाचं नाव काढून वारसाचं लावायचं. गल्लीनेच तसं सांगितलं होतं. त्यातही तीच चूक होती. भाऊंचं घर त्यांच्या पत्नी कौसाबाईंच्या नावावर होतं, आणि त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. मी म्हटलं, इथेही ते चिन्ह टाका.

त्यांनी हात मागे घेतला. "तिथं नको, म्याडम. तिथं झेरॉक्सच जाऊ द्या."

पुढच्या खेपेला मला पाणी मिळालं. त्यानंतर यादी वाचायचं काम माझ्याकडे आलं. भाऊंची पाळी आली की मी मोठ्याने म्हणे, "कौसाबाई सोनकांबळे."

दोन घागरी घेऊन भाऊ पुढे येत. "हाय," म्हणत.