एकोणसाठ एकर बासष्ट गुंठे

तोंडानं सांगितलेला आकडा हे मत असतं, आणि तोच आकडा यंत्राच्या पडद्यावर उमटला की तो पुरावा होतो. सगळं सार्वजनिक कामकाज या एका तत्त्वावर उभं आहे. तेलुगू मुलखातल्या गुडीहत्नूरजवळच्या एका शाळेतले गणिताचे जीवन सर हे या तत्त्वाचे निष्ठावंत उपासक होते.

सरांकडे ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर होता. परदेशी गेलेल्या मावसभावानं तो पाठवला होता (सरांनी मागितला होता मोबाइल). या यंत्रात छोटे छोटे प्रोग्राम लिहून ठेवता येत, आणि सर ते हौसेनं लिहीत. एक प्रोग्राम वर्गसमीकरण सोडवी. एक दिलेली संख्या मूळ आहे की नाही ते सांगे. एक तुमचं वय विचारी, त्याची दुप्पट करी, मग निम्मं करी आणि तुमचं वय तुम्हालाच सांगे. शिक्षकांच्या खोलीत हा शेवटचा प्रोग्राम फार नावाजला गेला. चित्रकलेच्या सरांनी तर तो बायकोच्या वयावरही चालवून पाहिला.

पण खऱ्या उपयोगाचा होता तो 'गुंठा' नावाचा प्रोग्राम. तो सरांनी सासऱ्यांसाठी लिहिला. सासरे नागोराव तलमडुगूला भाजीपाला पिकवतात. जमीन लिहायची तिकडची रीत अशी की दोन एकर वीस गुंठे असले की कागदावर २.२० मांडायचं. एकराचे गुंठे चाळीस, म्हणून अशा दोन तुकड्यांची बेरीज पाच एकर. कॅल्क्युलेटर म्हणाला, ४.४०. यंत्रानं आपली जमीन खाल्ली म्हणून नागोरावांनी जावयाशी अबोला धरला. मग सरांनी यंत्राला शिकवलं : टिंबाच्या उजवीकडे बघ, चाळीस किंवा जास्त दिसले तर चाळीस काढून घे आणि डावीकडे एक वाढव. यंत्र म्हणालं, ५.००. सासरे पुन्हा बोलू लागले (याबद्दल सरांना नंतर थोडा पश्चात्ताप झाला).

इथपर्यंत विज्ञानानं कुणाचं वाईट केलं नव्हतं. तेवढ्यात वरून हुकूम आला : ज्या शाळेत मराठी माध्यमाच्या दहावीची सरासरी साठ टक्क्यांना पोचणार नाही, तिथले मराठी वर्ग बंद. मुलांना तेलुगू माध्यमात बसवण्यात येईल. भाषा बदलली की गणित सुधारतं, यावर वरच्या ऑफिसचा गाढ विश्वास आहे.

मुख्याध्यापिका जयवंताबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या याच वर्गात शिकल्या होत्या. सरांचाही जीव टांगणीला लागला. थट्टा बाजूला ठेवून सांगायचं तर या माणसाचं त्या वर्गांवर मनापासून प्रेम होतं. मराठीतून 'समजा, क्ष बरोबर दोन' म्हटल्यावर मागच्या बाकापर्यंत माना डोलत, ते त्यांना सोडवत नव्हतं.

निकालाच्या तपासणीला वरून साहेब येणार होते, त्यासाठी सरांनी सरासरीचा नवा प्रोग्राम लिहिला. आता प्रोग्राम लिहिणाऱ्यांची एक पवित्र परंपरा आहे की नवं काही लिहायचं नाही, जुन्याचीच नक्कल करून वरचं नाव बदलायचं. सरांनी 'गुंठा'ची नक्कल केली, वर 'सरासरी' लिहिलं, दोन ओळी वाढवल्या. काढायच्या होत्या त्या राहून गेल्या.

तपासणीला आले वामनराव साहेब. सगळी नोकरी जमाबंदीत, जमिनीच्या मोजणीत गेलेली. शिक्षण खात्यात तात्पुरते आले होते आणि तात्पुरतेच रुळले होते. सर्वांसमक्ष बटण दाबलं गेलं. पडद्यावर आलं : ६०.२२. पाठोपाठ एक रेघ डाव्या कोपऱ्यातून उजवीकडे चढत गेली. ती कशाची होती हे कुणी विचारलं नाही. चढती आहे एवढं साहेबांनी पाहून घेतलं आणि 'दुरुस्त', म्हणजे बरोबर, असा शेरा मारला. जयवंताबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

चहा होईपर्यंत सरांनी खुशीखुशीत तोच हिशेब हातानं करून पाहिला. आला ५९.६२. वर्ग वाचावेत असं त्यांच्याइतकं कुणाला वाटत नव्हतं, पण गणिताच्या मास्तरला खोटा आकडा पचत नाही. ते साहेबांपुढे उभे राहिले आणि चूक कबूल केली.

वामनरावांनी बशीतला चहा संपवला. म्हणाले, "सर, एकोणसाठ एकर बासष्ट गुंठे जमीन तुमी कुठं पाह्यली?"

"साहेब, हे टक्के आहेत."

"तेच म्हणून राह्यलो. चाळीसच्या वर गेलं की एकर भरते. मशीन दुरुस्त हाय. तुमीच काऊन बिघडून राह्यले?"

सरांनी दशांश पद्धत समजावून पाहिली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सरांना विश्रांतीची गरज असल्याचं जयवंताबाईंच्या कानावर घातलं. पुढे ही पद्धत इतर शाळांनाही लागू झाली. निकाल सगळीकडे सुधारला आणि वामनरावांना शिक्षणतज्ज्ञ म्हणून शाल मिळाली.

वर्ग वाचले. सत्कार झाला. मातृभाषेवर भाषणं झाली, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग पहिलीचे प्रवेश सुरू झाले आणि कुणीच येईना. बाईंनी विचारलं, सर, तुमच्या मुलापासून, प्रज्वलपासूनच सुरुवात करू या का? सर म्हणाले, त्याचं जरा वेगळं आहे, तो मावला गावच्या इंग्रजी शाळेत रमलाय, बस दारापर्यंत येते. बाईंनी प्रवेशाचं रजिस्टर मिटलं, कारण त्यांचा नातूही त्याच बसमध्ये असतो.

वाचकहो, ६०.२२ला तुम्हीही मनातून हरकत घेतली नाहीत. वर्ग वाचावेत असंच तुम्हाला वाटलं. शाळा आपली ऋणी आहे. प्रवेश अजून खुले आहेत, तेव्हा मुलाला घेऊन या.

काय म्हणता? तुमचंही जरा वेगळं आहे? असू द्या. बसमध्ये अजून जागा आहे.