राजहंसानं पाणी तपासलं

एका जंगलात, मुलांनो, झाडांपेक्षा पाणीच जास्त होतं. चारी बाजूंना समुद्र, कडेनं खारफुटी आणि मधोमध एक गोड्या पाण्याचं तळं. अशा जंगलाला बेट म्हणतात. हात खाली करा, प्रश्न शेवटी.

समुद्र आणि तळं यांच्या मध्ये एक मातीचा बांध होता. बांध होता म्हणून तळं गोड होतं. एवढं तुमच्या लक्षात राहिलं तरी बेटावरच्या मोठ्यांपेक्षा तुम्ही हुशार.

तळ्यावर बदकं राहत आणि कलहंस राहत. कलहंस म्हणजे राजहंसापेक्षा थोडा कमी आणि बदकापेक्षा थोडा जास्त. म्हणून त्याचा आवाज सगळ्यांत मोठा असतो. बदकं शेवाळ काढत, चिखल उपसत, बांध लिंपत. कलहंस देखरेख करत. त्यांच्या प्रमुखाला सगळे दामूअण्णा म्हणत.

बदकांत एक गोदू होती. हळदी-कुंकू जातीची. चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकू. तिला सात पिलं झाली होती. नवरा अंडी फुटायच्या आधीच निघून गेला होता. बदकांत याचं कुणी मनावर घेत नाही.

पिलं चार दिवसांची झाली. त्या सकाळी त्यांनी पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. गोदूनं चाखलं. अगंबाई, खारट! मोठ्या बदकाला थोडं खारं पाणी चालतं. एवढ्याशा पिलाला ते विषच.

ती धावत बांधाकडे गेली. बांधाला करवंटीएवढं भोक पडलं होतं आणि भरतीचं पाणी त्यातून आत येत होतं. तिनं चोचीत चिखल घेतला आणि लिंपायला लागली. दुपारपर्यंत काम उरकलं असतं.

तेवढ्यात दामूअण्णा आले.

“काय चाललंय?”

“भोक बुजवतेय, अण्णा. पाणी खारट झालंय.”

“खारट झालंय असं कुणी ठरवलं?”

“चाखून बघा की!”

“मी चाखून काय उपयोग? मी पडलो कलहंस.” दामूअण्णांनी मान जमेल तेवढी उंच केली. “पाण्यातलं कळतं फक्त राजहंसाला. तुझी तक्रार नोंदवून धवलरावांना बोलावून घेऊ. तोवर भोकाला चोच लावायची नाही. भोक आता पुरावा आहे.”

भोकापाशी दोन कलहंस पहाऱ्याला बसले. समुद्र आत येत होता, त्याला त्यांनी अडवलं नाही. तसा हुकूम नव्हता.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हैस राहायची. तिचं एक डबकं होतं. घाण, पण गोड्या पाण्याचं. तिनं निरोप धाडला, “गोदे, पोरांना घेऊन इकडं ये गं.” गोदू निघालीसुद्धा. पण दामूअण्णा म्हणाले, “निकाल लागेपर्यंत तक्रारदारानं तळं सोडायचं नाही. सोडलं तर तक्रार रद्द. मग भोक कायमचं.”

बाकीची बदकं काय करत होती? ती म्हणाली, “मोठी माणसं बघतायत ना, मग आपण कशाला मध्ये पडा?” हे बदकांचं वाक्य आहे. घरी जाऊन वापरू नका.

धवलराव तिसऱ्या दिवशी आले. पांढरेशुभ्र. पाण्यात उतरताना थेंबसुद्धा उडाला नाही. कलहंसांनी स्वागताची भाषणं केली. गोदूचं सगळ्यांत धाकटं पिलू सकाळपासून उठत नव्हतं.

“महाराज, आधी पाणी बघा हो,” गोदू म्हणाली.

“बघतो ना,” धवलराव म्हणाले. “दूध कुठाय?”

“दूध?”

“बाई, नीरक्षीरविवेक हे आमचं शास्त्र. पाण्यात दूध असेल तर मी ते वेगळं करतो. नुसतं पाणी कुणीही ओळखेल.”

झालं! दूध आणायला कलहंस म्हशीकडे गेले. म्हैस म्हणाली, “रेडकू पिऊन उरलं तर देईन.” उरायला एक दिवस लागला.

चौथ्या दिवशी दगडाच्या खळग्यात तळ्याचं पाणी घेतलं. त्यात दूध ओतलं. धवलरावांनी डोळे मिटले, चोच बुडवली आणि दूध तेवढं पिऊन टाकलं. सगळे श्वास रोखून बघत होते.

“उरलं ते पाणी आहे,” धवलराव म्हणाले. “शंभर टक्के.”

कलहंसांनी पंख वाजवले. एक म्हातारा कलहंस तर गहिवरला.

“पण ते खारट आहे का?” गोदूनं विचारलं.

“तो माझा विषय नाही,” धवलराव म्हणाले आणि चोच पुसली.

मग दामूअण्णांनी सुनावणी घेतली.

“तक्रारीत किती पिलं सांगितली होतीस?”

“सात.”

“समोर किती आहेत?”

गोदूनं पिलांना पंखाखाली ओढलं.

दामूअण्णांनी स्वतः मोजली. “पाच. म्हणजे तक्रारीत तफावत आहे.”

“अण्णा, दोन मेली हो! याच पाण्यानं मेली!” असं म्हणून गोदू रडायला लागली. हुंदके देऊन, अंग टाकून रडली. तुमची आई रडेल तशीच.

तिच्या डोळ्यांतलं पाणी टपटप तळ्यात पडलं. दामूअण्णा पुढे झाले. त्यांनी त्यातला एक थेंब चोचीवर घेतला. चाखला. या सबंध प्रकरणात त्यांनी स्वतः चाखलेलं पाणी ते तेवढंच.

“खारट!” ते ओरडले. “सापडलं! हीच तळं खारं करतेय!”

निकाल तिथल्या तिथे लागला. गोदूला तळ्यावरून हाकलून दिलं. धवलरावांना तळ्याचे कायमचे सल्लागार नेमलं, आणि त्यांना रोज दूध पोचवायचं ठरलं. ते बदकांनी पोचवायचं.

गोदू उरलेली पाच पिलं घेऊन म्हशीच्या डबक्यावर गेली. म्हैस बाजूला सरकली. पिलं खूप वेळ पाणी पीत राहिली. गोदू त्यांना पुन्हा पुन्हा मोजत होती. दर वेळी पाचच भरत होती.

पौर्णिमेला उधाण आलं आणि बांध पार वाहून गेला. सगळ्या तळ्याचा समुद्र झाला. पाणी खारट आहे, हे आता प्रत्येकाला मान्य होतं. कारणही प्रत्येकाला पाठ होतं.

“एवढंसं बदक,” दामूअण्णा मान हलवत म्हणाले, “पण बाई रडली किती!”

तात्पर्य : नीरक्षीरविवेक हा फार मोठा गुण आहे. मुलांनो, तो अंगी बाणवा. दूध दुसरं कुणीतरी आणून देतं.