नवव्या कडीचा सांधा

नवसूने नागलीची अर्धी भाकर खाता खाता एक निश्चय केला : आता भाता ओढायचा नाही. उरलेली अर्धी संपेपर्यंत तो निश्चय टिकला, म्हणजे पक्काच म्हणायचा.

पोशेऱ्याचा नवसू खोडाळ्याच्या जिवा लोहाराकडे घरजावई होऊन आला, त्याला दोन वर्षं झाली होती. घराणं लोहाराचंच, पण आजोबाने हातोडा टाकून नांगर धरला, त्यामुळे लोखंड तापलेलं असताना धरू नये, एवढीच विद्या नवसूकडे होती. (तीही दोनदा धरल्यावर आलेली.) सासऱ्याने त्याला भात्यावर बसवलं. दोर ओढ, दांडा हलव, विस्तव फुलव. दोन वर्षं नुसता वारा!

पण आता त्याच्या बायकोला, रुपीला, आठवा महिना लागला होता, आणि जिवाच्या घरची रीत अशी, की पोराच्या झोळीची साखळी बापाने सांधायची. नऊ कड्यांची गोल साखळी, घरातल्या आकड्यावर अडकवायची, तिला झोळी. बापाला नाहीच जमलं तर सासरा करून देई. मग प्रत्येक लग्नात आणि बारशात लोक त्या बापाकडे बोट दाखवत.

"मामा, साखळी मीच करणार," नवसू म्हणाला.

जिवाने त्याला वरून खाली बघितलं. या जिवाने म्हणे जव्हारला दरबारच्या बग्गीच्या चाकांवर लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, चढवली होती. ही गोष्ट तो दर बाजाराला थोडी वाढवून सांगे. (बग्गीला एव्हाना सहा चाकं झाली होती.)

"कर की जावयबापू! लोखंड माझं, कोळसा माझा. हसं तेवढं तुझं."

तेवढं नवसूने मन लावून केलं. पहिली कडी इतकी तापवली, की फुलबाजीसारखी जळून गेली. दुसरी भीतभीत लवकर काढली. तिचा सांधा उकलला आणि कडी जिवाच्या पायावर पडली. तिसरीत राख अडकली. चौथीच्या वेळी सगळं जमलं, फक्त हातोडा सापडेना. तो नवसूच्याच हातात होता. महिनाभरात बावीस कड्या वाया गेल्या आणि आठ टिकल्या.

नववीच्या दिवशी जिवा विळे विकायला मोखाड्याच्या बाजाराला गेला. रुपी पोट सांभाळत भात्याशी येऊन बसली.

"तू कशाला? दमशील."

"चालायला लागायच्या आधीपासून या भात्यावर आहे मी. तू लोखंडाकडं बघ, माझ्याकडं नको."

हेच तर नवसूला अवघड होतं.

साखळी कोळशात लोळू नये म्हणून त्याने ती भात्याच्या दांड्यावरून टाकली आणि उघडी नववी कडी विस्तवात धरली.

"तांबडी झाली, काढू?"

"थांब."

"पिवळी झाली!"

"थांब रं. नऊ महिने तुझ्या मायनं तरी घाई केली का? वाळू टाक चिमूटभर, मळी निघेल. आता पांढरी होईल. ठिणगी फुटली की काढ, साखळीचं दुसरं टोक तिच्यात अडकव, आणि मग विचार करू नकोस."

विचार न करणं नवसूला छान जमे. ठिणगी फुटली. त्याने कडी काढली, टोक अडकवलं, ऐरणीवर ठेवून ठण्, ठण्, ठण्!

संध्याकाळी जिवा आला. साखळी धरून त्याने दोन्ही पाय वर घेतले आणि चक्क लोंबकळला. एकही कडी उकलली नाही. मग त्याने अंगठ्याने नववी कडी चाचपली.

"सांधा कुठाय?"

"तिथंच आहे, मामा."

"मला लागत नाही रे हाताला." म्हाताऱ्याने डोळे पुसले. "धुराने होतं असं." भट्टी केव्हाच विझली होती. "चल, घरात टांगू."

जिवाने साखळी ओढली. साखळी येईना.

साखळी भात्याच्या दांड्याभोवती गोल बसली होती. दांड्याचं एक टोक भात्याला जखडलेलं, दुसरं कुडातून आरपार जाऊन घरातल्या खांबाला.

"दांडा कापू?" नवसूने विचारलं.

"माझ्या आज्याचा आहे तो!"

"मग कडी तोडा."

"बापाचा सांधा तोडू? माझा हात झडेल!"

नवसूने रुपीकडे बघितलं. ती पदरात तोंड लपवून हसत होती.

"तुला दिसलं होतं?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"पहिल्यांदाच तुझा हात थरथरत नव्हता. बोलले असते तर थरथरला असता."

जिवाने कोयता घेतला, कुडाला भगदाड पाडलं आणि साखळी दांड्यावरून घरात सरकवली.

चैतात मुलगी झाली, चैती. भाता चालला की दांडा हले, दांड्याबरोबर झोळी हले, आणि पोर गाढ झोपे. भाता थांबला की ती अशी ओरडे, की बाजारातल्या शेळ्या तिला उत्तर देत. बाकी कुणाच्या ओढण्याने ती फसत नसे. नवसूचा दोन वर्षं घोटलेला हात ती बरोबर ओळखी.

त्यामुळे खोडाळ्यातला सगळ्यात सुबक सांधा मारणारा तो लोहार दुपारभर, भट्टीत निखारासुद्धा नसताना, भात्याचा दोर ओढत बसे. नुसता वारा!