चौथ्या क्रमांकाचा साबण

एका जंगलात सगळ्यांना रोज दाढी करावी लागे. का, ते विचारू नका. सिंहमहाराजांनी एकदा तळ्यात आपलं तोंड पाहिलं, हनुवटीवरचे केस पाहिले आणि म्हणाले, "आपण फार जंगली दिसतो." झालं. जंगलात राहून जंगली दिसायचं नाही, असा हुकूम त्याच दुपारी निघाला. आयाळीला त्यातून सूट होती, कारण आयाळ महाराजांची होती. शिवाय महाराज स्वतः महिन्यातून एकदाच, पौर्णिमेच्या सकाळी दाढी करायचे. हुकूम काढणाऱ्याला तेवढी सवलत असतेच.

नीट बसा बरं. खाजवायचं असेल तर आत्ताच खाजवून घ्या, कारण पुढे दाढीचंच बोलणं आहे.

जंगलात दाढ्या करायची झुबकाबाई नावाची एक खार. उंबराच्या बुंध्याशी तिचं दुकान होतं. दुकानात सामान ते किती? शिंपल्याचा एक वस्तरा, नारळाची एक करवंटी, करवंटीत साबणाची वडी, आणि ब्रश म्हणून तिची स्वतःची शेपटी. वडी ती घरीच करायची. रिठे कुटायचे, मोहाचं तेल घालायचं, आठ दिवस सावलीत वाळवायचं. मग शेपटीचं टोक ओलं करून वडीवर गोल गोल फिरवलं की करवंटी काठोकाठ फेसानं भरायची. तो कोमट फेस गालावर बसला की केसोबा अस्वल डोळे मिटायचा आणि तिथेच घोरायला लागायचा. दाढी झाली तरी उठायचा नाही. त्याला ढकलून उठवावं लागे.

झुबकाबाईचा जीव होता शेपटीत. रोज दुकान बंद झालं की ती शेपटी धुवायची, उन्हात धरायची, बोटांनी विंचरायची. तिची आई तिला सांगून गेली होती की खारीत आणि उंदरात फरक आहे तो एवढाच, आणि तो मागच्या बाजूला आहे, तेव्हा अधूनमधून वळून बघत जा. झुबकाबाई दिवसातून वीस वेळा वळून बघायची.

सगळं बरं चाललं होतं. मग कोल्ह्यानं पल्याडच्या जंगलातून एक साबण आणला. चंदनाच्या डबीत होता आणि फार वास मारायचा. त्याच आठवड्यात सशानं मुळ्याच्या रसाची दाढीची दांडी काढली. दांडी थेट गालावर घासायची, करवंटी नको आणि काही नको. कोल्हा म्हणाला माझा उत्तम. ससा म्हणाला माझा. झुबकाबाई काही म्हणाली नाही, कारण तिच्या समोर तरस बसला होता आणि वस्तरा त्याच्या गळ्यावर होता.

गोष्ट महाराजांच्या कानावर गेली. राज्यात त्या आठवड्यात दुसरं काही घडत नव्हतं. त्यांनी लगेच समिती नेमली. कोणता साबण स्वस्त, कोणता जास्त दिवस टिकतो आणि कोणता काम चांगलं करतो, हे ठरवायचं. जो जिंकेल तोच साबण साऱ्या जंगलानं वापरायचा.

समितीत कोण असावं यावर पुष्कळ विचार झाला. ज्याला दाढी येते त्याचा दाढीत हितसंबंध असतो, म्हणून दाढीवाले सगळे बाद झाले. उरले दोघं. कूर्माजीपंत कासव अध्यक्ष झाले. त्यांचं वय एकशेचाळीस, तेव्हा टिकाऊपणातलं त्यांना कळणार नाही तर कोणाला कळणार? दुसरा सदस्य बेडूक. तो तक्रारी नोंदवणार होता, कारण त्याचा आवाज मोठा होता. लिहायला शिस्तराव गाढव. त्याला दाढीचे चार केस होते, पण नेमणूक होताच त्यानं ते उपटून टाकले.

चाचणीच्या दिवशी एका खडकावर सागाची पानं मांडली आणि त्यावर तीन साबण ठेवले. शिस्तरावानं यादीचं पान बाजूला ठेवलं. वारा आला. पान उडू नये म्हणून त्यानं नदीतला एक गुळगुळीत गोटा उचलून त्यावर ठेवला.

कूर्माजीपंत दुपारी पोचले. सकाळी निघाले होते, आणि घर त्यांचं समोरच होतं. त्यांनी चष्मा लावला, खडकावर नजर फिरवली आणि मोजलं. एक, दोन, तीन, चार.

यादीत तीन होते. आता शिस्तरावानं काय करावं? अध्यक्षांचं मोजणं चुकलं असं म्हणावं, की यादी चुकली असं म्हणावं? शिस्तराव पंचवीस वर्षं नोकरीत होता. त्यानं गोटा उचलला, खालचं पान काढलं, त्यावर चौथा क्रमांक लिहिला आणि गोटा पुन्हा ठेवला.

झुबकाबाई जवळच उभी होती. ती हळूच म्हणाली की हा साबण नाही, हा दगड आहे.

कूर्माजीपंतांनी तिच्याकडे दुःखानं पाहिलं. "बाई, तुमचा स्वतःचा साबण स्पर्धेत आहे. दुसऱ्याच्या साबणाला दगड म्हणणं तुम्हाला शोभतं का?"

झुबकाबाई खाली बघू लागली. तिला खरोखरच लाज वाटली. भल्या घरच्यांचं असंच होतं, बाळांनो. दुसऱ्याच्या चुकीची लाज त्यांनाच वाटते.

चाचणी वीस दिवस चालली. सशाची दांडी सोडून बाकी तिन्ही साबणांचा फेस झुबकाबाईनंच करायचा होता, कारण जंगलात ब्रश एकच होता.

सशाची दांडी बोकडाच्या वाट्याला आली. चौथ्या दिवशी त्यानं ती खाऊन टाकली. टिकाऊपणा चार दिवस, चव बरी, अशी नोंद झाली. कोल्ह्याच्या साबणाला फेस भरपूर यायचा, पण वासानं मधमाश्या यायच्या. तरसानं तीनदा तक्रार केली, चौथ्यांदा तो पळत पळत तळ्यात गेला. डबीची किंमत शंभर चिंचोके, आणि दहाव्या दिवशी डबी रिकामी.

झुबकाबाईची वडी बारा चिंचोक्यांची. रोज तीन दाढ्या, वीस दिवस, साठ दाढ्या. म्हणजे पाच दाढ्यांना एक चिंचोका. हिशेब चोख होता. पण विसाव्या दिवशी वडी संपली. शिस्तरावानं करवंटी उलटी करून पाहिली आणि लिहिलं, साबण झिजून नष्ट झाला. केसोबाला विचारलं, काही तक्रार? केसोबा बिचारा सरळ. म्हणाला, दाढी फार हलकी होते, कळतच नाही, झोप पुरी होत नाही. बेडकानं लिहून घेतलं. तक्रार एक, गंभीर.

चौथा साबण रानडुकराकडे होता. झुबकाबाई रोज गोटा भिजवायची आणि शेपटी घासायची. घासघास घासायची. फेस कसला येतोय? मग तशाच कोरड्या गालावर वस्तरा चालवायची, आणि डोळे रानडुकराच्या ऐवजी तिचे भरून यायचे. विसाव्या दिवशी त्याचं तोंड इतकं सुजलं होतं की जबडा उघडेना. बेडकानं विचारलं, काही तक्रार? रानडुक्कर काही बोललं नाही. बेडकानं लिहिलं, तक्रार निरंक.

अहवाल आला. किंमत शून्य, कारण गोटा नदीनं फुकट दिला होता. टिकाऊपणा अमर्याद, कारण वीस दिवसांत तो केसभरही झिजला नव्हता. कामगिरी निर्दोष, तक्रार एकही नाही. एका दाढीचा खर्च मात्र काढता येईना. शिस्तरावाचं म्हणणं असं की साबण संपल्याशिवाय एकूण दाढ्या कळणार नाहीत. कूर्माजीपंत म्हणाले, मी वाट बघायला तयार आहे.

चौथा क्रमांक जिंकला. साऱ्या जंगलाची दाढी त्याच साबणानं करावी आणि ती झुबकाबाई खारीनं करावी, असा हुकूम निघाला.

यापुढचं ऐकताना वाईट वाटेल, पण ऐका. झुबकाबाई सकाळपासून शेपटी गोट्यावर घासू लागली. पहिल्या आठवड्यात टोकाचे केस गेले. दुसऱ्यात मधले गेले. एक दिवस ती नेहमीसारखी उंबरावरून जांभळीवर उडी मारायला गेली आणि मध्येच खाली पडली. शेपटीशिवाय तोल राहत नाही. ती तिथेच पाचोळ्यात बसली, मागे वळून पाहिलं, आणि रडली. मागे एक गुलाबी दोरी होती.

तिनं अर्ज केला. समिती आली. कूर्माजीपंतांनी गोटा मोजला, जसाच्या तसा होता. शेपटी मोजली, निम्मी उरली होती. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून त्यांनी निष्कर्ष काढला की दोष साबणात नसून ब्रशात आहे. खारीची शेपटी टिकाऊ नाही. त्याऐवजी न झिजणारा ब्रश शोधावा. शोध फार लांबला नाही. कुंपणालाच निवडुंग होतं.

झुबकाबाई दुसरा अर्ज घेऊन कचेरीत गेली. शिस्तरावानं मान वर न करता तिच्या शेपटीकडे पाहिलं. "उंदरांचे अर्ज बुधवारी."

ती म्हणाली, मी उंदीर नाही. शिस्तराव म्हणाला, शेपटी दाखवा. तिनं दाखवली. त्यानं वहीत खारींच्या पानावरचं तिचं नाव खोडलं, उंदरांच्या पानावर लिहिलं, आणि शिक्का मारलेलं एक पान तिच्या हातात दिलं. पानावर लिहिलं होतं, झुबकाबाई, जात उंदीर, दाढी नाही.

आईचे शब्द आठवून झुबकाबाईला आधी हुंदका आला. मग तिनं ते पान पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. मग घडी घालून करवंटीत ठेवलं.

पौर्णिमा आली. महाराज दाढीला बसले. मखमलीवर ठेवून चौथा साबण आणला, शेजारी निवडुंग. झुबकाबाईला बोलावणं गेलं. ती आली, वाकून नमस्कार केला आणि पान पुढे केलं.

"महाराज, हुकमात खार लिहिलंय. मी आता उंदीर आहे."

महाराजांनी शिक्का पाहिला. शिक्का त्यांचाच होता. त्यांनी कूर्माजीपंतांकडे पाहिलं. कूर्माजीपंतांनी मान आत ओढून घेतली, पण महाराज म्हणाले, खार नसेल तर शिफारस करणाऱ्यानं करावी. मान बाहेर आली.

कूर्माजीपंतांनी आयुष्यात कधी कोणाची दाढी केली नव्हती. त्यांनी गोटा भिजवला, निवडुंग त्यावर फिरवलं आणि महाराजांच्या हनुवटीला लावलं. काम सावकाश चाललं होतं. सकाळी सुरू झालेली दाढी ऊन उतरल्यावर संपली. तोवर महाराजांचं तोंड भोपळ्याएवढं झालं होतं.

बेडूक पुढे आला. त्यानं विचारलं, काही तक्रार? महाराजांना जबडा उघडता येईना. त्यांनी नुसते डोळे मोठे केले. बेडकानं ते समाधानानं मोठे झाले असं धरलं आणि मोठ्यानं वाचून दाखवत लिहिलं, महाराजांची तक्रार निरंक.

दुसऱ्या दिवसापासून उंबराच्या मागच्या अंगाला एक उंदीर राहायला आला. त्याच्याकडे शिंपल्याचा वस्तरा होता, करवंटी होती आणि रिठ्याची ताजी वडी होती. उंदरांनी कोणता साबण वापरायचा याबद्दल हुकमात काहीच लिहिलं नव्हतं. केसोबा पहिल्याच सकाळी आला, फेस लागताच घोरू लागला, आणि पुढे जन्मभर त्यानं कोणापाशीही कसलीही तक्रार केली नाही. शेपटीला हळूहळू लव आली, मग केस आले. पूर्वीइतके दाट मात्र कधीच आले नाहीत. जांभळीवर जायचं असेल तेव्हा झुबकाबाई आता खाली उतरून चालत जाते.

पुढच्या पौर्णिमेला पहाटेच कोणीतरी उंबरामागे आलं. तोंडावर केळीचं पान धरलं होतं, पण पानाच्या दोन्ही बाजूंनी आयाळ दिसत होती.

"इथे तो उंदीर राहतो का?" पानामागून आवाज आला.

झुबकाबाईनं शेपटी ओली केली आणि बसायला जागा करून दिली.

चौथा साबण अजून दरबारात मखमलीवर आहे. शिस्तराव रोज सकाळी तो मोजतो आणि वहीत लिहितो. आजपर्यंत तो झिजलेला नाही.

तात्पर्य : जे कामाला येतं ते झिजतं, आणि जे झिजतं ते टिकाऊ नाही असं ठरतं. तेव्हा बाळांनो, मोठेपणी बक्षीस मिळवायचं असेल तर दगड व्हा. आणि नेमकं काम करायचंच मनात आलं, तर आधी कचेरीत जाऊन आपलं नाव उंदरांत लिहून घ्या.