करमरकरांचा रशियन

करमरकर घरात बूट घालतात. बाहेरून आले की दारातच काढतात, पाय धुतात, आणि मग कपाटातला दुसरा, स्वच्छ पुसलेला जोड चढवून पियानोला बसतात. "पेडलला अनवाणी पाय लावायचा नसतो, वहिनी!" शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये आमच्या दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे चार वर्षं मी हे ऐकते आहे. तुकडाही एकच, तीन मिनिटांचा. कुणा रशियन मुलाने एकोणिसाव्या वर्षी रचलेला.

"पोर होतं हो नुसतं!" हे त्यांचं पालुपद. त्या मुलाबद्दल ते सख्ख्या पुतण्यासारखं बोलतात. इथे तो चिडलाय, इथे त्याला घर आठवतंय, इथे बहुतेक जेवला नसावा. मला तो दर वेळी जिन्यावरून गडगडतानाच ऐकू आला. आमचे चिरंजीव एकोणिसाव्या वर्षी गराजचं दार लावायला विसरतात. त्यांचं कुणी एवढं कौतुक केल्याचं स्मरत नाही.

करमरकरांना संगीताचं अंग नाही. मात्रा मोजायला ते तोंडाने तबल्याचे बोल म्हणतात. शिकागोच्या गाडीत मांडीवरच्या बॅगेवर बोटं आपटतात. शेजारची सीट रिकामीच राहते. आणि तुकड्याच्या मध्यावर हात उचलून थांबतात. इतका वेळ, की दोनदा मी भिंत ठोकून विचारलं, "बरे आहात ना?"

यंदा त्यांनी मंडळाच्या गणपतीत वाजवायचं ठरवलं. "नेहा येतेय बॉस्टनहून. नीट झालं पाहिजे." नेहा ही त्यांची एकुलती एक लेक. आई गेल्यापासून वर्षातून दोन दिवस येते.

"त्यापेक्षा तिच्यासाठी भाजी-पोळी करा," मी म्हटलं.

शाळेच्या हॉलमध्ये त्यांची पाळी आरतीच्या आधी होती. पहिलं पान बरं गेलं. मग ती जागा आली. करमरकरांनी हात उचलले. समोर दोनशे भुकेली माणसं आणि मागून मसालेभाताचा वास. "संपलं वाटतं," कुणीतरी म्हणालं. टाळ वाजले, सगळे उठून आरती म्हणू लागले. करमरकरही उठले, बूट काढले आणि टाळ्या वाजवू लागले.

हॉल जेवायला पांगल्यावर मी त्यांना फैलावर घेतलं. "मध्येच थांबता कशाला? काढून टाका ना ती जागा!"

"तेवढीच तर शिकायची होती, वहिनी. नेहा चौदाची होती. हेच वाजवत होती. मी बरोब्बर त्या जागी, संपलं समजून, उभा राहून टाळ्या वाजवल्या. लोक हसले. ती स्टेजवरून उठून गेली. पुन्हा पियानोला हात लावला नाही."

 

तेवढ्यात नेहा आत आली. "बाबा, इट्स नॉट ओव्हर. पुढचं वाजव ना."

ते बसले. चुकत चुकत त्या जागेपर्यंत आले, थांबले, पुढे गेले. शेवट चुकलाच, चार वर्षं ऐकलेलं असल्यामुळे मला कळलं. नेहा मात्र त्यांचे हात मांडीवर येईपर्यंत थांबली. मग तिने एकटीने टाळ्या वाजवल्या.